मदत हवी आहे: ब्लोअरचा ड्राइव्ह ओव्हरव्होल्टेजवर बसतो, ऑटो-रीसेट चालू करावं का?

नमस्कार मंडळी. बडोद्याला मकरपुरा जीआयडीसीत एका लहान युनिटचं मेंटेनन्स बघतो. धूळ ओढायच्या ब्लोअरला ३० एचपीची मोटर, तिच्यावर २२ किलोवॅटचा व्हीएफडी (मोटरचा वेग कमी-जास्त करणारा ड्राइव्ह), सप्लाय ४१५ व्होल्ट. हल्ली ड्राइव्ह सारखा ओव्हरव्होल्टेज दाखवून ट्रिप होतो, म्हणजे आपोआप बंद पडतो.

ट्रिप दोन वेळी येते. एक, ब्लोअर बंद करताना. स्टॉप दाबला की हर्ट्झचा आकडा उतरायला लागतो आणि मध्येच लाल दिवा. दुसरी, ४२ हर्ट्झवर निवांत चालू असताना. रोज नाही, पण आली की जेवणाची सुटी संपून मशिनं परत लागतात त्याच सुमारास.

ऑपरेटर आता कीपॅडकडे बघतसुद्धा नाही. रीसेट, हिरवं बटण, काम चालू. कोड कुठला होता विचारलं तर म्हणतो, "एज, जे रोज आवे छे" (तोच, जो रोज येतो). शेठचं म्हणणं, ऑटो-रीसेटचं पॅरामीटर (ट्रिपनंतर ड्राइव्ह आपणहून परत चालू व्हायची सेटिंग) आहे ना, मग माणसाने पळत कशाला जायचं? मला हे पटत नाही. आमचा रन सिलेक्टर स्विचवर आहे, तो चालूवरच राहतो. कुणी बेल्ट बघायला गार्ड काढलं आणि तेवढ्यात ब्लोअर आपोआप उठला तर? पण नुसतं धोका धोका म्हणून शेठ ऐकायचे नाहीत. ट्रिप थांबवूनच दाखवावी लागेल.

फॉल्ट हिस्ट्रीत दोन्ही वेळी डीसी बस (ड्राइव्हच्या आतलं डीसी व्होल्टेज) ८०० व्होल्टच्या आसपास आहे, करंट नेहमीचाच. डिसेल टाइम (थांबायला दिलेला वेळ) १० सेकंद. ब्रेकिंग रेझिस्टर (जादा वीज उष्णतेत जिरवणारा) मागवू का? मोटर मेगर (इन्सुलेशनची चाचणी) करून घेऊ का?

प्रतिसाद १

दादा, रेझिस्टरचा खर्च आत्ता नको. ४१५ ला १.४१४ ने गुणलं की बस साधारण ५८७ येते. तुमची ८०० ला गेली म्हणजे कुठून तरी वीज आत ढकलली जातेय. बंद करताना ती ब्लोअरकडून येते. पंखा जड, त्याला १० सेकंदांत थांबवायला गेलात की मोटर जनरेटर होते. ड्राइव्हच्या पुढचा रेक्टिफायर एकाच दिशेचा, ती वीज सप्लायला परत जाऊ शकत नाही, मग कपॅसिटरवर चढते. डिसेल टाइम ६० करून बघा, किंवा सरळ कोस्ट स्टॉप (मोटरची वीज तोडून पंखा आपसूक थांबू देणं) द्या. धुळीच्या ब्लोअरला झटकन थांबायची काय घाई? फक्त कोस्ट दिलंत तर फ्लाइंग स्टार्ट (फिरत्या मोटरला तिच्या वेगावरूनच उचलणं) चालू करा, नाहीतर पंखा फिरत असताना कुणी स्टार्ट दिला की ओव्हरकरंट येईल.

सुटीनंतरची ट्रिप मात्र सप्लायकडून वाटते. एपीएफसी पॅनल (पॉवर फॅक्टर आपोआप सांभाळणारा) आहे का? मशिनं लागली की तो कपॅसिटर बँका आत घेतो, त्या झटक्याने बस उडते. एखादी शिफ्ट पॅनल मॅन्युअलवर ठेवा, बँका सुटीतही तशाच राहू द्या. ट्रिप आली नाही तर ड्राइव्हच्या इनपुटला ३ टक्क्यांचा चोक (झटका मवाळ करणारी कॉइल) लावा.

ऑटो-रीसेटबद्दल तुमचंच बरोबर. ओव्हरकरंट आणि अर्थ फॉल्टला तर ते कधीच नको. मोटर किंवा केबल शॉर्ट असेल तर दर रीसेटला आयजीबीटीवर (ड्राइव्हमधल्या पॉवर स्विचवर) घाव पडतो. गेला की शेठना बिल दाखवा.

प्रतिसाद २

ओव्हरव्होल्टेजसाठी मेगरची गरज नाही. तरी करायचाच असेल तर मोटरची केबल ड्राइव्हच्या टर्मिनलवरून आधी सोडवा, नाहीतर ५०० व्होल्टचा मेगर ड्राइव्हच खाऊन टाकेल. आणि मेन बंद करून कीपॅड विझला म्हणजे झालं असं समजू नका. कपॅसिटर भरलेलेच असतात. मॅन्युअलमध्ये दिलाय तेवढा वेळ थांबा, मग डीसीच्या प्लस-मायनसवर मीटर लावून बघा, आणि मगच हात घाला.

धागाकर्ता

दोघांचे आभार. डिसेल ६० केला, बंद करतानाची ट्रिप गेली. एपीएफसी आहे, मॅन्युअलवर ठेवायला शेठ कुरकुरले, पॉवर फॅक्टरचा दंड बसेल म्हणून, पण एका शिफ्टपुरते तयार झालेत. ऑटो-रीसेट शून्यावरच ठेवलाय आणि पॅरामीटरला पासवर्ड टाकलाय. ऑपरेटरला सांगितलंय, रीसेटच्या आधी मोबाइलवर कीपॅडचा फोटो काढायचा.

एक राहिलं: चोक घ्यायची वेळ आली तर पॅनलमध्ये जागा नाही. शेजारी भिंतीवर जाळीच्या वेगळ्या बॉक्समध्ये बसवला तर चालेल ना? तिथे धूळ बरीच असते.