भाड्याच्या खोलीत तुम्ही काय ठेवलंय?

आईबाबांचं घर रिकामं करायला आम्हा भावंडांच्या हातात नऊ दिवस होते. एवढ्यात चाळीस वर्षांच्या संसाराचा निकाल लागत नाही. म्हणून दहा बाय दहा फुटांचं स्टोरेज युनिट, म्हणजे सामान ठेवायची भाड्याची खोली घेतली, तीन महिन्यांपुरती. आता चौथं वर्ष चालू आहे. आत बाबांचं कपाट, पुस्तकांचे एकवीस खोके आणि आईचं शिलाई मशीन. मशीनच्या खणात बॉबिनवर अर्धवट भरलेला निळा दोरा तसाच आहे. ती काय शिवणार होती, कोण जाणे.

गेल्या महिन्यात शेजारच्या युनिटमध्ये एक गृहस्थ खुर्ची टाकून पत्रं वाचत बसले होते. तेव्हापासून विचारावंसं वाटतंय. मृत्यू, घटस्फोट, बदली, मोठ्या घरातून लहान घरात जाणं, ही या धंद्यातली नेहमीची कारणं. तुमचं कारण काय होतं? काय ठेवलंत, पुढे त्याचं काय झालं? मोकळेपणाने लिहा.

*

आम्ही वेगळे झालो तेव्हा मला एक खोली मिळाली, सामान तीन खोल्यांचं. मुलीचा पलंग टाकवेना. ती दर पंधरा दिवसांनी येते, गादीवर झोपते आणि विचारते, "बाबा, माझा पलंग आहे ना अजून?" आहे म्हणून सांगता येतं. भाडं त्यासाठीच भरतो.

*

माझं कारण साधं, ऑनलाइन विक्रीचा माल. घरात पाय ठेवायला जागा नव्हती. महिन्याच्या कराराने मिळतं, माल वाढला की मोठं घ्यायचं, कमी झाला की लहान. दुकानाचा गाळा असा लवचीक नसतो.

*

दोन वर्षांसाठी परदेशी गेलो आणि सामान ठेवण्यात झालेल्या चुका सांगतो, कुणाच्या तरी कामी येतील. गादी प्लॅस्टिकमध्ये घट्ट गुंडाळली होती. आतला दमटपणा आतच कोंडला आणि पूर्ण गादीला काळी बुरशी धरली. फ्रिज पुसला, पण दार बंद ठेवलं. त्याचा वास आजतागायत गेलेला नाही. दार फटीएवढं उघडं ठेवायला हवं होतं. हवेतली आर्द्रता साठ-पासष्ट टक्क्यांच्या वर राहिली की कागद, कापड, लाकूड सगळ्यालाच बुरशीचा धोका. फोटो, कॅसेट, पुस्तकं असतील तर तापमान आणि आर्द्रता दोन्ही सांभाळणारं युनिट घ्या. खोके थेट फरशीवर नकोत, खाली लाकडी फळ्या द्या, भिंतीपासून चार बोटं जागा सोडा. गॅस सिलिंडर, पेट्रोल, रंगाचा थिनर ठेवायला सहसा परवानगी नसते. आणि विमा! माझ्या करारात सामानाची जबाबदारी माझीच होती. ते मी नुकसान झाल्यावर वाचलं.

*

माझं युनिट गेलं. आजारपणात भाडं थकलं, नोटिसा जुन्या पत्त्यावर गेल्या, सामानाचा लिलाव झाला. फर्निचरचं दुःख नाही. एका बुटाच्या खोक्यात माझ्या भावाची पत्रं होती. पत्ता, फोन बदललात की त्याच दिवशी युनिटवाल्यांना कळवा, आणि जी गोष्ट पुन्हा मिळणार नाही ती तिथे ठेवू नका.

*

ही चर्चा मीच सुरू केली होती. गादीचा अनुभव वाचून काल गेले. पुस्तकांचे खालचे तीन खोके ओलसर निघाले. दादाला बोलावून सगळं फळ्यांवर चढवलं, भिजलेली पुस्तकं पंख्याखाली उघडून ठेवली आहेत. आणि पत्रांबद्दल वाचल्यावर मशीन तिथे ठेवायचं धाडस होईना, घरी आणलं. चामड्याचा पट्टा कडक होऊन तडकलाय, तेल दिल्यावर चाक मात्र फिरलं. निळा दोरा काढलेला नाही. असा पट्टा कुठल्या मापाचा घ्यायचा, कुणाला माहीत असेल तर सांगा.