थक्क करणारी बांधकामं : तुम्ही प्रत्यक्ष काय पाहिलंत?

सायली_ठाणे
काल लेकाचं आर्किमिडीज चालू होतं. काठोकाठ बादलीत पातेलं सोडलं, बाथरूमभर पाणी, आणि मला एकदम स्कॉटलंडमधलं फॉलकर्क आठवलं. तिथे दोन कालवे, एक वर एक खाली, मधे ३५ मीटरचा फरक. पूर्वी ११ दारांच्या पायऱ्यांनी होड्या चढायच्या-उतरायच्या, दिवस जायचा. २००२ पासून त्यातल्या २४ मीटरसाठी तिथे चक्क आकाशपाळणा आहे. पाळण्यांच्या जागी पाण्याने भरलेले दोन हौद. होडी हौदात शिरते, दार लागतं, चाक अर्धं फिरतं. सासूबाईंनी डोळे मिटून रामरक्षा सुरू केली, ती अर्धीही झाली नाही तोवर खाली! पोटात गोळा वगैरे काही नाही.
गंमत अशी, की एका हौदात होडी आणि दुसऱ्यात नुसतं पाणी असलं तरी तोल ढळत नाही. होडी आपल्या वजनाइतकं पाणी आधीच बाहेर घालवते. म्हणून अर्ध्या फेरीला आठ किटल्या पाणी उकळण्याइतकीच वीज लागते. लेकाला पटलेलं नाही, त्याला बादलीचं वजन करायचंय.
तुम्ही काय पाहिलंत? लिहा.

निमा
रामरक्षा 😂😂 आमच्याकडे विमानात पण तेच. माझ्याकडे भारी किस्सा आहे, नंतर लिहिते, कुकर लावलाय.

दर्यावर्दी
पनामा. पहिल्या खेपेला इंजिनरूममधे होतो, कालवा ओलांडला पण बघितला नाही. दुसऱ्यांदा डेकवर. हौद ११० फूट रुंद, आमचं जहाज १०६. दोन्हीकडे दोन-दोन फूट, हात लांब केला की भिंत. भिंतींवर रुळांवरची इंजिनं जहाजाला तारांनी मधोमध धरून चालतात, त्यांना म्यूल म्हणतात. ८५ फूट वर चढवायला एकही पंप नाही, गाटुन तळ्यातलं पाणी उतारानेच हौदात येतं. १९१४ पासून.
आणि अटलांटिककडून पॅसिफिकला जाताना जहाज आग्नेयेला जातं. नकाशा बघा, मग भांडा.

पोफळी
कोयना कुणीच नाही??? लेक टॅपिंग, १३ मार्च १९९९, आशियात पहिलंच. धरण रिकामं न करता जलाशयाच्या तळाखालून बोगदा आणायचा, शेवटचा थोडा खडक ठेवायचा आणि तो सुरुंगाने उडवायचा. बाबा प्रकल्पावर होते, आम्ही अलोऱ्याला. रात्री उशिरा आले, गार वरणभात खाल्ला, म्हणाले "झालं एकदाचं" आणि झोपले. आई चिडली, आम्हाला सगळं ऐकायचं होतं. दुसरं २०१२ ला झालं, ते टीव्हीवर पाहिलं.

मोगरा
अलोरे!! कॉलनीत कुठे? फणसावरून व्हायची ती भांडणं आठवतायत का

पोफळी
आठवतात म्हणजे काय, फणस आमच्याच दारातला

चौथा_मजला
आमच्या सोसायटीची लिफ्ट तीन महिने बंद आहे. गुडघे गेले. हेही थक्क करणारंच.

सायली_ठाणे
काका, तुम्हाला हौदात बसवून वर आणू 😄

रॉटरडॅमकर
इथलं मास्लांटकेरिंग. समुद्राचं पाणी नदीतून रॉटरडॅमात घुसू नये म्हणून १९९७ पासून दोन दारं. एकेक २१० मीटर लांब, २२ मीटर उंच. एरवी काठाला गोदीत उभी. वेळ आली की गोदीत पाणी घेतात, दारं तरंगत नदीच्या मधोमध येतात, मग पोटात पाणी भरून तळाशी बसतात. ठरवतो संगणक. २०२३ च्या डिसेंबरात त्याने खरोखरच लावून घेतली.
सप्टेंबरात दरवर्षी चाचणी असते, लोक डबे घेऊन येतात. आम्ही पोळीभाजी घेऊन पावसात उभे. तासाभराने लेक म्हणाली, बाबा, सुरू कधी होणार? दार अर्ध्या नदीत आलेलं होतं.

कोकणकन्या_एस४
पानवलचा पूल, रत्नागिरीच्या पुढे. ६४ मीटर उंच. पुलाचा वरचा भाग एका टोकाला ओतून खांबांवरून पुढे ढकलत नेलाय म्हणे. दर खेपेला ठरवते आज बघायचाच, आणि नेमका तेव्हाच वडेवाला येतो.

दर्यावर्दी
वडे बरे असतात का आता?

कोकणकन्या_एस४
चटणी नसते.

सायली_ठाणे
शेजारून काटा आणला. पातेल्याशिवाय साडेसतरा किलो, पातेल्यासकट साडेसतरा किलो. लेक आता टबात आजीला बसवून बघू म्हणतोय. आजी रामरक्षा म्हणतेय.

निमा
कुकर झाला. काय लिहिणार होते तेच विसरले.