व्हिडिओत दिसली माझीच घाई

ऑटिझम असलेल्या मुलांसाठी थेरपिस्ट परवडत नाही म्हणून थेरपीचं काम पालकांच्या गळ्यात घालतात, असं एक मत वाचलं; ते अर्धंच पटलं. ‘पॅक्ट’मध्ये, म्हणजे पालकांमार्फत होणाऱ्या ऑटिझमच्या संवाद-थेरपीत, थेरपिस्ट मुलाला शिकवत नाही, आपल्याच खेळण्याचा व्हिडिओ आपल्याला दाखवते. गोवा आणि रावळपिंडीतल्या ६५ मुलांची चाचणी २०१६ साली प्रसिद्ध झाली, तिथे तर हे काम प्रशिक्षण दिलेल्या साध्या कार्यकर्त्यांनी केलं होतं.

कोथरूडच्या आमच्या घरातला पहिला व्हिडिओ बघून मी ओशाळले. मुलगा चुरमुरे एकेक करून फरशीवर मांडतोय आणि मी, ‘हे काय? किती आहेत? सांग ना!’ पाच मिनिटांत २३ प्रश्न. मग गप्प बसून शेजारी माझी रांग मांडायला लागले. (सासूबाईंना अन्नाशी खेळणं पटलं नाही, असो.) चौथ्या दिवशी त्याने माझी वाकडी रांग सरळ केली आणि वर बघितलं. शब्द बऱ्याच महिन्यांनी आला.