नक्कल ही कला नाही आणि सीआयडी बघणारे बिनडोक? त्या पोस्टला माझं उत्तर

मंदार_ठाणे

काल एका सभासदाने नकला करणारे गायक सुदेश भोसले यांच्या कार्यक्रमाची क्लिप आणि टीव्हीवरच्या नव्या सीआयडी मालिकेचा प्रोमो शेजारी शेजारी टाकला. म्हणणं असं की एकजण आयुष्यभर दुसऱ्यांचे आवाज विकतो, दुसरे वीस वर्षं एकच भाग पुन्हा पुन्हा विकतात, आणि टाळ्या वाजवणाऱ्यांना अभिरुची नाही. त्या टाळ्या वाजवणाऱ्यांत मी आहे, म्हणून सविस्तर लिहितो.

आधी आवाजाचं. बोलण्याची नक्कल गल्लीत चारजण करतात. पण त्याच आवाजात सुरात गायचं, हे वेगळंच काम आहे. नकलाकाराचं पितळ तार सप्तकात उघडं पडतं. खाली खर्जात अमिताभ छान जमतो, सूर वर चढला की गाणाऱ्याचा स्वतःचा गळा बाहेर येतो. १९९१ च्या ‘हम’मधलं, भोसलेंनी अमिताभसाठी गायलेलं ‘जुम्मा चुम्मा’ पुन्हा ऐका. वर जातानाही तो घोगरा भार सुटत नाही आणि सूरही हलत नाही. किती लोकांना ते अमिताभने स्वतः गायलंय असं वाटायचं! २००३ च्या ‘बागबान’मध्येही तेच. आणि कार्यक्रमात हा माणूस अशोककुमार, संजीवकुमार, सचिनदेव बर्मन असे फिरत जातो. सचिनदांचा तो पूर्व बंगालच्या मातीतला, सानुनासिक, ताणलेला स्वर आणि अमिताभचा खर्ज एकाच गळ्यातून पाठोपाठ काढायचा, याला रियाज लागत नाही म्हणता?

आता सीआयडी. २१ जानेवारी १९९८ ला सुरू झाली, ऑक्टोबर २०१८ पर्यंत चालली, डिसेंबर २०२४ ला परत आली. साचा तोच, हे कबूलच आहे. प्रेत, टीम, साळुंखेंची लॅब, दाराला लाथ, थोबाडीत, कबुली. पण त्या साच्यात राहून मालिकेचे निर्माते बी. पी. सिंग यांनी २००४ मध्ये १११ मिनिटांचा भाग एकाही कटशिवाय, सलग एका शॉटमध्ये घेतला. एकाने वाक्य विसरलं की सगळं पहिल्यापासून. ‘एकच भाग विकणारे’ असलं धाडस करत नाहीत.

कीर्तनाला बसलेल्या माणसाला आख्यान माहीत असतं, तरी तो उठून जात नाही. आज बुवा ते कसं लावतात, ते त्याला ऐकायचं असतं. पुनरावृत्ती एवढ्यावरून कुणाची अभिरुची काढू नका.

षड्जपंचम

मूळ पोस्ट माझी नाही, पण बाजू माझी तीच आहे. भोसले सुरेल आहेत, याबद्दल वाद नाही. माझा राग वेगळा आहे. १९८० मध्ये रफी गेले आणि रफीसारखे गाणारे शोधायची स्पर्धा लागली. १९८७ मध्ये किशोर गेले, पुन्हा तेच. ज्यांचा गळा कुणासारखाच नव्हता, ते कोरसमध्ये उभे राहिले. माझे गुरुजी ऑर्केस्ट्रात गायचे. आयोजक विचारायचा, ‘मुकेश करता का?’ ‘गाता का?’ असं कधीच विचारलं नाही. नकलेला टाळी मिळते तेव्हा अशा एका माणसाची संधी जाते, हे तुम्हाला दिसत नाही.

मंदार_ठाणे

गुरुजींवर अन्याय झाला, हे मान्य. पण दोष आयोजकाचा आहे. सोनू निगमने सुरुवात रफींची गाणी गाऊनच केली ना? पुढे स्वतःचा आवाज सापडलाच. उमेदवारीच्या काळात नक्कल हेच शिक्षण असतं. तुमच्याकडे गुरूच्या मागून तीच तान शंभरदा घेतात, ती काय असते?

षड्जपंचम

तालमीची तुलना नकलेशी करू नका, राग येतो. तिथे शिष्याने शेवटी गुरूपासून सुटायचं असतं. सोनू सुटला म्हणूनच तुम्ही त्याचं नाव घेताय. न सुटलेल्यांची नावं तुम्हाला आठवतात का?

रात्री_दहा_सोनी

गाण्याचं राहू द्या हो. एप्रिल २०२५ मध्ये सीआयडीतल्या एसीपी प्रद्युम्नला मारलं, नवीन एसीपी आणला, आणि मग प्रद्युम्न करणाऱ्या शिवाजी साटमांना परत आणलं. यावर कुणी का बोलत नाही? बँकेत नोकरी केलेला मराठी माणूस, दूरदर्शनच्या ‘एक शून्य शून्य’पासून पोलीस म्हणून आपल्या घरात आला. डिसेंबर २०२३ मध्ये फ्रेडरिक्स करणारे दिनेश फडणीस खरोखर गेले तेव्हा आमच्या घरी जेवण गेलं नाही. अशा प्रेक्षकाला खोट्या मरणाची बातमी द्यायची?

काळा_डगला

मंदार, तुमची पोस्ट आवडली, पण ‘थोबाडीत, कबुली’ हे तुम्ही इतक्या सहज लिहिलंत की राहवत नाही. मी सत्र न्यायालयात वकिली करते. पोलिसासमोर दिलेला कबुलीजबाब आरोपीविरुद्ध सिद्ध करता येत नाही. पुरावा कायद्याचं कलम २५, आता भारतीय साक्ष्य अधिनियमाचं कलम २३. त्या जबाबामुळे एखादी वस्तू सापडली, तर त्या वस्तूशी संबंधित तेवढाच भाग चालतो. शिवाय फाशी एसीपी जाहीर करतो! खुनाला जन्मठेप हा नियम आहे, फाशी दुर्मिळातल्या दुर्मिळ खटल्यात, हे सर्वोच्च न्यायालयाने १९८० मध्येच सांगितलं. माझे अशील विचारतात, ‘मॅडम, मारलं म्हणून कबूल केलं, आता काय उपयोग?’ त्यांना वाटतं खटला संपला. हे त्यांच्या डोक्यात कुणी घातलं?

मंदार_ठाणे

कायदा तुम्ही म्हणता तसाच असेल, ताई. पण कोठडीतली मारहाण १९९८ च्या आधी नव्हती का? तिचं खापर मालिकेवर फोडू नका.

काळा_डगला

आधीही होतीच. पण तिला घरबसल्या टाळ्या मिळत नव्हत्या.

रसायन_कलिना

मी न्यायवैद्यक प्रयोगशाळेत काम करतो. डॉ. साळुंख्यांमुळे आम्ही रोज बोलणी खातो. लोकांना वाटतं शवविच्छेदन, विष, डीएनए, सगळं एकच माणूस एकाच खोलीत करतो. शवविच्छेदन रुग्णालयातला डॉक्टर करतो. जठर, आतड्याचा भाग, यकृत, मूत्रपिंड यांचे तुकडे बहुधा मिठाच्या संपृक्त द्रावणात घालून सीलबंद बरण्यांत आमच्याकडे येतात. आधी सील तपासायचं, कागद जुळवायचे. मग विष वेगळं काढायचं, चाचण्या, खातरजमा. साळुंखे प्रेताकडे बघून मृत्यूची वेळ सांगतात. खरा डॉक्टर फार तर काही तासांची कक्षा देतो, कारण उन्हाळ्यात आणि थंडीत शरीर सारखं ताठरत नाही. आणि नातेवाईक येऊन म्हणतात, ‘टीव्हीवर तर लगेच कळतं.’

सांगोला_८२

तुमचा त्रास वाचला, आता आमचा ऐका. आमच्या काकांच्या व्हिसेराचा, म्हणजे तुमच्याकडे येतात त्या अवयवांच्या तुकड्यांचा, अहवाल यायला इतका वेळ लागला की काकूंचा विम्याचा दावा तोवर अडकून राहिला. मुलाची फी उसनवारीवर भरली. कुठली प्रयोगशाळा, कुठली कंपनी ते लिहीत नाही, पण सीआयडी बघून आम्ही वेडे झालो होतो असं म्हणू नका. आम्हाला अर्ध्या तासात नको होता. पण फी भरायच्या आत मिळायला हवा होता.

रसायन_कलिना

तुम्हाला वेडं म्हटलं नाही. पण उशीर आमच्या टेबलावरच होतो, हे कुणी ठरवलं? बरणी ठाण्यातून निघायलाच वेळ जातो, सील बिघडलं की परत जाते. १ जुलै २०२४ पासून सात वर्षं किंवा त्याहून जास्त शिक्षेच्या गुन्ह्यांत तज्ज्ञाने घटनास्थळी जाणं कायद्यात आलंय. चांगलंच आहे ते. पण नमुने वाढले त्या प्रमाणात माणसं वाढायला नकोत का?

सांगोला_८२

माणसं कमी हे कारण आम्ही शाळेत ऐकतो, दवाखान्यात ऐकतो, आता तुमच्याकडून. भोगायचं नेहमी आम्हीच. मालिकेत निदान कुणीतरी घाई करताना दिसतं. त्या घाईसाठी माझी आई सीआयडी बघते.

काळा_डगला

सांगोला, तुमचं हे शेवटचं वाक्य मला पटलं, मनाविरुद्ध पटलं. माझं थपडेबद्दलचं मत मात्र बदलणार नाही.

मंदार_ठाणे

मी इतकी पानं लिहून जे सांगत होतो, ते सांगोल्याने तीन ओळींत सांगितलं. षड्जपंचम, तुमच्या गुरुजींचं एखादं ध्वनिमुद्रण असेल तर द्या. त्यांच्याच आवाजातलं.

षड्जपंचम

एक कॅसेट आहे. देईन. पण यावरून मी नकलेला कला मानली असं समजू नका.

रसायन_कलिना

सांगोला, पुढे कुणाला लागलं तर: अहवाल नातेवाइकांच्या हातात देत नाहीत, ज्या ठाण्याने नमुना पाठवला तिथे जातो. नमुना पाठवल्याचा जावक क्रमांक तिथून घ्या आणि लेखी अर्ज करा. तोंडी विचारू नका.

सांगोला_८२

हे तेव्हा कुणी सांगितलं असतं तर बरं झालं असतं. लिहून घेतलं.

रात्री_दहा_सोनी

सगळ्यांचं झालं असेल तर मी पुन्हा विचारतो. एसीपींना मारायची गरज काय होती?