‘अस्सल’, ‘समकालीन’ आणि प्राध्यापकी चोचले

मोडीवेडा: काल इतिहासाच्या पुस्तकांवरून ‘अर्धा चहा’ यांनी लिहिलं, “अस्सल, समकालीन, दुय्यम साधन हे सगळे प्राध्यापकी चोचले. पुस्तक मन लावून वाचलं की कळतं.” तेव्हापासून डोकं तापलंय, म्हणून लांबण लावतो. अस्सल म्हणजे मूळ कागद, समकालीन म्हणजे त्याच काळातला, दुय्यम म्हणजे नंतर कुणी त्यांवरून लिहिलेलं. शिवाजी महाराजांची सभासद बखर, म्हणजे जुन्या गद्यातलं चरित्र, घ्या. लिहिणारा महाराजांच्या पदरचा, पण लिहिली 1697च्या सुमारास, जिंजीला. महाराज जाऊन 17 वर्षं झालेली. हिला समकालीन म्हणायचं की आठवणी? चिटणीस बखर तर थेट एकोणिसाव्या शतकातली. तरी लेखक “बखरींत आहे” म्हणून मोकळे! आणि अस्सल म्हणजे खरं नव्हे. वतनाच्या भांडणातला करीना, म्हणजे एका पक्षाने लिहून दिलेली हकीकत, अस्सलही असतो आणि एकतर्फीही.

अर्धा चहा: माझे आजोबा चौथी शिकलेले. पेपर वाचताना एवढंच विचारायचे, “हे सांगितलं कुणी?” त्यांना कुठं अडलं नाही.

पाटावरवंटा: मग महाराजांच्या जन्मवर्षाचा घोळ कसा सुटला असता? बखरीवर विसंबलो तर 1627. जेधे शकावली, म्हणजे जेधे घराण्याकडची सालवार नोंदींची यादी, टिळकांनी उजेडात आणली म्हणून 1630. आणि 19 फेब्रुवारी ही ज्युलियन, म्हणजे जुन्या युरोपीय कॅलेंडरची तारीख. आजच्या कॅलेंडरने 1 मार्च येते.

कोरा कागद: तारखेचं सोडा! फाल्गुन वद्य तृतीया, विषय संपला.

पाटावरवंटा: संपला कसा? उत्तरेत तोच दिवस चैत्रात मोजतात. 

कोरा कागद: उत्तरेला विचारलंय कुणी? आमच्या सोसायटीत तिथीनेही होते, तारखेनेही. वर्गणी दोनदा!

मोडीवेडा: अहो, वर्गणीचा वेगळा धागा काढा. आमच्या कुलवृत्तांतात छापलंय, मूळ पुरुष पानिपतावर पडले. तीन पिढ्या आम्ही ताठ मानेने सांगितलं. मोडी शिकल्यावर घरचंच दप्तर उघडलं, तर 1765 साली हेच गृहस्थ बांधावरून चुलतभावाशी भांडतायत! काकांनी वर्षभर अबोला धरला. “वृत्तांत” शब्दावर विश्वास ठेवला, दुसरं काय.

अर्धा चहा: बरं बाबा, बखर वेगळी, शकावली वेगळी. मान्य. नारळ आणि शाल घरपोच पाठवतो. पण तुमचा मूळपुरुष पानिपतावरून परत आणायला आजोबांचा प्रश्नही पुरला असता.

मोडीवेडा: प्रश्न पुरला असता हो. उत्तर मोडीत होतं.

कोरा कागद: तिथीनेच.