पंखा भणाणतोय, ‘सिस्टम इंटरप्ट्स’ ३० टक्क्यांवर

प्रश्न:
मंडळी, माझं डीटीपीचं दुकान आहे. लग्नसराई तोंडावर आलीय आणि संगणकाने रडकुंडीला आणलंय. विंडोज १०, ८ जीबी रॅम. पत्रिकेची फाइल उघडायचा अवकाश, पंखा भणाणायला लागतो. कंट्रोल-शिफ्ट-एस्केप दाबून टास्क मॅनेजरमध्ये (कोण किती प्रोसेसर खातंय ते तिथे दिसतं) पाहिलं तर सगळं बंद असतानाही ‘सिस्टम इंटरप्ट्स’पुढे ३० टक्के! एन्ड टास्कही होत नाही. व्हायरस असेल का?

उत्तर १:
फॉरमॅट मारा, कटकट मिटेल.

उत्तर २:
दादा, ऐन सीझनमध्ये फॉरमॅट मारून सगळे फॉन्ट परत कोण टाकत बसणार? ‘सिस्टम इंटरप्ट्स’ हा मुळात प्रोग्रामच नाही, म्हणून बंद होत नाही. प्रिंटर, नेटवर्क कार्ड वगैरे हार्डवेअर प्रोसेसरला सारखं ‘इकडे बघ’ म्हणत असतं. त्यात जाणारा वेळ विंडोज या एका ओळीत दाखवतं. एरवी तो एखाद-दुसऱ्या टक्क्याच्या आतच असतो. टास्क मॅनेजर उघडा ठेवा आणि यूएसबीला लावलेलं एकेक काढत जा. आकडा कशाने पडतो ते बघा. नाहीच पडला तर डिव्हाइस मॅनेजरमधून साउंड, नेटवर्क एकेक डिसेबल करून पाहा. डिस्प्ले आणि डिस्कला मात्र हात लावू नका.

प्रश्नकर्ता:
कार्ड रीडर उपसला आणि ३० वरून थेट ०.२! दुसऱ्या पोर्टला लावला की पुन्हा तेच रडगाणं.

उत्तर २:
मग पोर्ट शाबूत आहेत, रीडरच गेलाय. तोवर फोटो मोबाइलच्या केबलने घ्या.