एआयने वाचवलेला वेळ नक्की कुणाच्या खात्यात जमा होतो?

खटपट्या_पुणे
मी टेक्नॉलॉजीच्या बाजूचाच माणूस आहे. जुन्या लॅपटॉपवर लिनक्स टाकून घरात सर्व्हर केलाय, फोटो त्यावर ठेवतो, नवीन काही दिसलं की हात शिवशिवतात. त्यामुळे कुणी "यंत्रं वाईट, साधं जगा" छापाचं ज्ञान देणार असेल तर आधीच सांगतो, पटणार नाही.

प्रश्न वेगळाय. हिंजवडीत सर्व्हिस कंपनीत आहे, टीमला एआय असिस्टंट मिळालाय. जुन्या जावा मॉड्युलला युनिट टेस्ट (कोडचा एकेक तुकडा तपासणारा कोड) लिहिणं कुणालाच नको असायचं, आठवडा जायचा, आता दुपारपर्यंत उरकतं. सुरुवातीला मस्त वाटलं. मग स्प्रिंट प्लॅनिंगमध्ये, म्हणजे पुढच्या टप्प्याची कामं ठरवताना, तेच काम ८ पॉइंटचं (पॉइंट म्हणजे कामाच्या मेहनतीचा अंदाज) ३ वर आलं आणि उरलेल्या ५ मध्ये दुसरं कायतरी येऊन बसलं. क्लायंट म्हणतो तुमची प्रॉडक्टिव्हिटी वाढली ना, मग रेट कमी करा. आणि रिव्ह्यू! ज्युनियर पोरं पाचसातशे ओळींचा पीआर (तपासायला पाठवलेला कोड) टाकतात, ही कंडिशन का घातली विचारलं तर "सर ते एआयनेच टाकलंय". मग ते वाचत कोण बसतं तर मी, रात्री जेवण झाल्यावर, कारण रिव्ह्यूला पॉइंट नसतात.

वरून नारायण मूर्ती २०२३ मध्ये म्हणाले तरुणांनी आठवड्याला ७० तास काम करावं, २०२५ च्या सुरुवातीला एल अँड टीच्या अध्यक्षांनी ते ९० वर नेलं. च्यायला काम यंत्र करतंय आणि तास माझे वाढतायत. तुमच्या क्षेत्रात असं आधी झालंय का? वाचलेला वेळ काम करणाऱ्याला कधी मिळालाय का?

लेजरवाले_काका
झालंय की. मी सरकारी बँकेत क्लार्क म्हणून लागलो तेव्हा सगळं हाताने. लेजर बॅलन्सिंग म्हणजे सेव्हिंगच्या जाडजूड लेजरमधल्या प्रत्येक खात्याची शिल्लक कागदावर उतरवायची, बेरीज मारायची आणि ती जनरल लेजरशी जुळली पाहिजे. ९० पैशांचा फरक राहिला तरी सुटका नाही. फरकाला ९ ने भाग जातोय का ते आधी बघायचो, जात असेल तर बहुतेक कुणीतरी ५४ चे ४५ केलेत. सहामाही व्याज काढायचं असलं की घरी सांगूनच यायचं, आज वाट बघू नका.

कॉम्प्युटर आले तेव्हा युनियनने विरोध केला म्हणून आम्हाला आजही मागासलेले म्हणतात. पण झालं काय ते बघा. १९८३ ला आयबीए (बँकांची संघटना) आणि युनियन यांच्यात करार झाला, मशीन कुठे आणि किती लावायची ते त्यात लिहून घेतलं. १९८४ ला बँकांत कॉम्प्युटर आणण्याबद्दल रंगराजन समितीचा रिपोर्ट आला, मग शाखांमध्ये लेजर पोस्टिंग मशीन आली, आणि ती चालवणाऱ्या क्लार्कला स्पेशल अलाउन्स मिळाला. लोक हसायचे, बटणं दाबायचे पैसे मागतात म्हणून. मागितले, आणि मिळाले.

पुढचं तेवढं गोड नाही. २०००-०१ च्या व्हीआरएसमध्ये (स्वेच्छानिवृत्ती) सरकारी बँकांतून लाखभर लोक बाहेर पडले, मग कोअर बँकिंग आलं, म्हणजे सगळ्या शाखा एका सिस्टीमवर, बॅलन्सिंग संपलं ते संपलंच. मला वाटलं आता सहाला घरी. तो वेळ गेला काउंटरवर पेन्शन काढायला आलेल्या माणसाला इन्शुरन्सची पॉलिसी गळ्यात मारण्यात, कारण टार्गेट आलं. नाही म्हणायला २०१५ पासून दुसरा आणि चौथा शनिवार सुट्टी झाला. तोही वाटाघाटीत मिळाला, कॉम्प्युटरने दिला नाही.

रंकाळा_कोडर
भावा, तू तास विकतोस म्हणून तुझा वेळ गेला. मी कोल्हापुरात अडत्यांना बिलिंग सॉफ्टवेअर करून देतो, ठरलेल्या रकमेत. आधी महिना लागायचा ते आता आठवड्यात होतंय, राहिलेला वेळ माझा, पंचगंगेवर जाऊन बसलो तरी कुणी विचारत नाही. युनियन बिनियन करण्यापेक्षा नोकरी सोड की.

खटपट्या_पुणे
@रंकाळा_कोडर होमलोन तू भरणार का? 😄 आणि पुढच्या वर्षी तुझा अडत्या त्याच एआयला विचारून भाव पाडणार, तेव्हा बोलू.

श्टुटगार्टचा_मराठी
इथे जर्मनीत ऑटो सप्लायरकडे आहे. मेटल कामगारांच्या युनियनने ३५ तासांच्या आठवड्यासाठी १९८४ मध्ये मोठा संप केला, पूर्ण ३५ तास लागू व्हायला १९९५ उजाडलं. रोबोट आले तेव्हा वाटणीचा प्रश्न टेबलावर होता, म्हणून काहीतरी हाती लागलं. दुसरं म्हणजे कर्मचाऱ्यावर नजर ठेवू शकेल असं कुठलंही सॉफ्टवेअर आणायचं तर कामगार प्रतिनिधींच्या कौन्सिलची संमती लागते, कायद्यातच आहे. त्यामुळे आमचं एआय टूल किती दिवस अडकून पडलंय. मी पण वैतागतो, खोटं कशाला बोलू. पण कोण किती प्रॉम्प्ट मारतो याचा चार्ट मॅनेजरसमोर लागत नाही हेही तितकंच खरं.

माणदेशी_मुलगी
तुमचं सगळं ऑफिसचं चाललंय, मी आईचं सांगते. ती अंगणवाडी सेविका. मोबाईल आला तेव्हा सांगितलं रजिस्टर बंद होतील. मोबाईल आला, रजिस्टर तशीच, आता दोन्ही भरायचं. २०२१ मध्ये राज्यभर सेविकांनी सरकारने दिलेले फोन परत केले होते, फोन निकृष्ट आणि ॲपमध्ये धड मराठी नाही म्हणून, पेपरात आलं होतं सगळं.

आता पोषण आहाराचं पाकीट द्यायचं तर फोनने बाईचा चेहरा ओळखला पाहिजे. त्याआधी ओटीपी. नंबर नवऱ्याचा, नवरा पुण्यात साइटवर, फोन उचलत नाही. उचलला तर म्हणतो कसला ओटीपी, फ्रॉड आहे. मग आई बाईला घेऊन रेंजसाठी अंगणात, बाई पदर सारखा करून कॅमेऱ्यात बघते, कडेवरचं पोर मध्येच डोकं घालतं, परत पहिल्यापासून. पाकीट समोर टेबलावर पडलेलं. ती बाई गावात जन्मापासून राहते, आई तिला झोपेत ओळखेल.

आईला पगार नाही, मानधन आहे, त्यात हा वेळ मोजायचा कुठला. आणि काका, आमच्या बायकांच्या पण युनियन आहेत बरं, मोर्चे काढतात आझाद मैदानावर, स्पेशल अलाउन्स कुणी सहज देत नाही. ॲप बनवणारा खटपट्यांसारखाच कुणीतरी असणार, त्याचापण स्प्रिंट संपत आलेला असणार.

खटपट्या_पुणे
असणार काय, आहेच. "रेंज नसेल तर काय" ही केस बॅकलॉगमध्ये (राहिलेल्या कामांच्या यादीत) तळाला असते कारण डेमो ऑफिसच्या वायफायवर होतो. तुमच्या आईसारखं कुणी यूएटीला, म्हणजे वापरणाऱ्यांकडून होणाऱ्या चाचणीला, बसवलेलं मी तरी कुठे बघितलं नाही.

काका, आमच्याकडे युनियन म्हणजे नावापुरती, अर्धे लोक एचआरला घाबरून नाव पण काढत नाहीत. अशात मागायचं काय आणि कुणाकडे?

लेजरवाले_काका
एकट्याने मागू नका, नाव लक्षात राहतं. रिव्ह्यू करणारे तुम्ही चारपाच जण असाल ना, सगळ्यांनी एकाच आठवड्यापासून टाइमशीटमध्ये रिव्ह्यूचे तास वेगळे दाखवायला सुरू करा. खोटे नाही, जेवढे होतात तेवढेच. आम्ही ओव्हरटाइमचं असंच केलं होतं, सगळी स्लिपं एकदम गेली तेव्हा मॅनेजरने पहिल्यांदा खुर्ची ओढून बसायला सांगितलं.

खटपट्या_पुणे
टाइमशीटमध्ये रिव्ह्यूचा कोडच नाहीये हो, "डेव्हलपमेंट - अदर" मध्ये टाकतो सगळे.

लेजरवाले_काका
मग आधी कोड मागा. मेलवर.